बेइपूची जुनी पेठ : सीमेवरच्या एका गावाची शब्दसाक्ष

स्थळनामे, आडनावे आणि पेढ्यांची नावे ही इतिहासाची साधने आहेत, ही गोष्ट आता नव्याने सिद्ध करावयास नको. कागदपत्रे लिहिणाऱ्याच्या हेतूने रंगलेली असतात. नावे मात्र तो हेतू विसरला गेल्यावरही लोकांच्या जिभेवर टिकून राहतात. तथापि हे साधन जितके टिकाऊ तितकेच फसवे आहे. नावात कोणाचा उल्लेख आहे एवढे पाहून भागत नाही. कोणाचा उल्लेख असावयास हवा होता आणि तो का नाही, हेही विचारावे लागते. तैवान बेटाच्या वायव्य भागातील बेइपू या गावाची जुनी पेठ या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. हक्का समाजाच्या परंपरेचे दर्शन घडविणारे गाव म्हणून बेइपूची ख्याती आहे व सुटीच्या दिवशी तेथे प्रवाशांची दाटी असते. प्रस्तुत लेखात या पेठेचे वर्णन करावयाचे आहे ते तेथील काही शब्दांच्या आधाराने; आणि त्यावरून असे दाखवावयाचे आहे की आज जी पेठ केवळ जुनी व रम्य भासते ती मुळात एका सशस्त्र सीमेवरची वसाहत होती, आणि त्या सीमेच्या पलीकडे ज्यांना ढकलण्यात आले त्यांचे नाव पेठेच्या नावांत कोठेही आलेले नाही.

बेइपू हे शिन्‌चू शहराच्या आग्नेयेस, सपाटी संपून डोंगर सुरू होतो अशा ठिकाणी वसले आहे. मुख्य पेठ लांबीने दोनशे मीटरांच्या आसपास. दोन्ही बाजूंस विटांची व लाकडाची बुटकी घरे, पुढल्या भागात दुकाने. त्यांतून चहा, वाळविलेली पर्सिमन फळे, तांदळाच्या पिठाचे पदार्थ विकावयास मांडलेले असतात. पेठेच्या शिरोभागी त्सतियेन हे देऊळ असून त्याच्या पाठीशी एक टेकडी आहे. देवळातील मुख्य देवता ग्वानयिन, म्हणजे आपल्या कान्हेरीच्या लेण्यांत ज्याच्या मूर्ती आढळतात त्या अवलोकितेश्वराचेच चीनमध्ये स्त्रीरूप पावलेले दैवत होय. तिच्यासमवेत तेथे तीन पर्वतांच्या अधिपतींचीही पूजा होते. हे ‘तीन पर्वतराज’ मूळचे पूर्व ग्वांगदुंगमधले. तिकडून आलेल्या लोकांनी ते आपल्याबरोबर समुद्रापार आणले. पेठेपासून काही पावलांवर दोन जुने वाडे समोरासमोर उभे आहेत : एक ‘चिन-ग्वांग-फू’ या भागीदारी पेढीची कचेरी व दुसरा ज्यांग घराण्याचा ‘तियेनश्वेइ’ वाडा. पेढीच्या कचेरीस १९८३ मध्ये प्रथम श्रेणीच्या ऐतिहासिक वास्तूचा दर्जा देण्यात आला. ज्या रस्त्यावर हे वाडे आहेत त्यास चुंगजंग मार्ग म्हणतात. ‘चुंगजंग’ हे च्यांग काय-शेक यांचे औपचारिक नाव. म्हणजे १८३० च्या दशकातील वास्तूंचा पत्ता १९४५ नंतरच्या राजवटीच्या भाषेत सांगावा लागतो. एकावर एक चढलेले नावांचे असे थर या गावात पावलोपावली भेटतात.

गावाच्या नावापासूनच आरंभ करू. ‘बेइपू’ हा उत्तरी चिनी, म्हणजे आजच्या राजभाषेतील उच्चार. गावकऱ्यांच्या हक्का बोलीत तो ‘पेत्-फू’ असा होतो, फूज्यानहून आलेल्यांच्या होक्क्येन भाषेत ‘पाक्-पो’, आणि जपानी अमलात (१८९५ ते १९४५) त्याच दोन अक्षरांचे वाचन ‘होकुहो’ असे केले जाई. अक्षरे तीच, उच्चार चार. अर्थ मात्र साधा आहे : पहिल्या अक्षराचा अर्थ उत्तर दिशा, दुसऱ्याचा, नांगराखाली न आलेली सपाट जमीन, माळ. जवळच ‘नानपू’, म्हणजे दक्षिणेकडचा माळ, हेही गाव आहे. नावे देणाऱ्यांच्या दृष्टीने ही भूमी माळ होती, कोणी न कसलेली होती. ज्यांची ती शिकारीची व फिरत्या शेतीची भूमी होती त्यांनी तिला माळ म्हटले असते किंवा कसे, हा प्रश्न या नावातूनच उद्भवतो.

नाव देणारे हे हक्का लोक कोण? ‘हक्का’ या शब्दाचा अर्थ ‘पाहुण्यांची कुळे’ असा आहे. (मराठीत अरबीतून आलेल्या ‘हक्क’ शब्दाशी त्याचे केवळ ध्वनिसाम्य आहे, हे सांगावयास नको.) चीनच्या जुन्या पटनोंदणीत ‘यजमान कुटुंबे’ व ‘पाहुणी कुटुंबे’ असा भेद केलेला आढळतो. मराठी कागदपत्रांत गावच्या मिरासदारापासून ‘उपरी’ कुळाचा जसा वेगळा उल्लेख येतो, तशाच जातीचा हा भेद होय. इतिहासकार लो श्यांगलिन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हक्काविषयक ग्रंथात असे मांडले की हे लोक मूळचे उत्तर चीनच्या मध्यभूमीतील असून अनेक लाटांनी दक्षिणेकडे सरकले. त्या उपपत्तीचा प्रभाव फार मोठा झाला. अनेक हक्का कुटुंबे आजही आपली वंशकथा त्याच क्रमाने सांगतात. पुढील संशोधनाने तिला मुरड घातली. लियोंग सौ-थेंग यांच्या, १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचे प्रतिपादन असे की ‘हक्का’ ही जाणीव प्राचीन रक्तसंबंधातून आलेली नसून डोंगराळ भागातील लोक सखल, सधन प्रदेशात उतरले व तेथील जुन्या रहिवाशांशी जमिनीसाठी त्यांचा संघर्ष जुंपला, तेव्हा ती घडत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, १८५५ ते १८६७ या काळात, ग्वांगदुंगमध्ये हक्का व स्थानिक यांच्यात जे भीषण युद्ध झाले ते या संघर्षाचे टोक होय. तात्पर्य, ‘पाहुणा’ ही संज्ञा आतिथ्यातून आलेली नाही. जमिनीवर मालकी नसल्याची ती खूण आहे, आणि बहुधा ती प्रथम दुसऱ्यांनी चिकटविलेली आहे.

तैवानात तर ही संज्ञा कागदोपत्री रूढ होण्यास बराच काळ लागला. छिंग सत्तेचे अधिकारी ‘फूज्यानचे’ व ‘ग्वांगदुंगचे’ असा प्रांतावरून भेद करीत. जपानी शिरगणतीतही हक्का भाषकांची नोंद बव्हंशी ‘ग्वांगदुंग’ या शीर्षाखाली झाली. भाषा आणि प्रांत यांच्या सीमा जुळत नसल्यामुळे अशा नोंदींवरून बोलणाऱ्यांची संख्या काढताना अभ्यासकाने सावध असले पाहिजे.

येथे भाषेविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. बेइपूची बोली हायलू प्रकारची, म्हणजे पूर्व ग्वांगदुंगमधील हायफंग व लूफंग या दोन जिल्ह्यांच्या नावांवरून ओळखली जाणारी आहे. तैवानात अधिक पसरलेली सूश्येन, म्हणजे ‘चार जिल्ह्यांची’ बोली, हिच्याहून निराळी. तिच्यात सहा तान आहेत तर हायलूत सात. परंतु दोहींत एक समान लक्षण आहे. मध्ययुगीन चिनीतील घोष स्पर्श व्यंजने हक्कात अघोष महाप्राण झाली, मग तान कोणताही असो. उत्तरी चिनीत मात्र एका तानातच ती महाप्राण झाली, इतरत्र अल्पप्राण राहिली. म्हणून ‘जमीन’ या अर्थी उत्तरी भाषेत ‘ती’ असा अल्पप्राण उच्चार ऐकू येतो, तर हक्कात ‘थी’. ‘पांढरा’ या अर्थी तिकडे ‘पाय’, तर इकडे ‘फाक्’. अल्पप्राण-महाप्राण हा भेद मराठी कानास जन्मतःच परिचित असल्याने हे लक्षण आपल्या विद्यार्थ्यास युरोपीय विद्यार्थ्यापेक्षा लवकर कळते. दुसरे लक्षण शब्दान्ती येणाऱ्या व्यंजनांचे. उत्तरी भाषेने शेवटचे प्, त्, क् व म् गमावले. हक्काने ते जपले. वर उल्लेखिलेल्या पेढीचे नाव राजभाषेत ‘चिन-ग्वांग-फू’ असे, तर गावच्या तोंडी ‘किम्-कोङ्-फुक्’ असे आहे. पाटीवरची अक्षरे दोघांनाही तीच दिसतात. पण ज्या जिभांनी १८३४-३५ मध्ये हे नाव उच्चारले त्यांच्याशी नाते सांगतो तो दुसरा उच्चार.

आता या नावाच्या घटकांकडे वळू. ‘ग्वांग’ म्हणजे ग्वांगदुंग, ‘फू’ म्हणजे फूज्यान. पहिल्या ‘चिन’चा अर्थ ‘सोने’. त्याची उपपत्ती दोन प्रकारे लावतात. एका मतानुसार सोने म्हणजे सरकारी द्रव्य. यावरून पेढी ही सरकार, ग्वांगदुंगवासी व फूज्यानवासी यांची त्रिपक्षी भागीदारी ठरते, आणि मार्गदर्शकांच्या तोंडून प्रवाशांस बहुधा हेच ऐकावयास मिळते. दुसऱ्या मतानुसार त्या काळी पेढ्यांच्या नावाआरंभी ‘सोने’ हे अक्षर भरभराटीचे शुभचिन्ह म्हणून योजण्याचा प्रघातच होता. त्यात विशेष अर्थ शोधू नये. भाषाभ्यासकास दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण एखाद्या घटकाची उपपत्ती लावताना तो तत्सम इतर नावांतही येतो काय, हे प्रथम पाहावे लागते. असे असले तरी सरकारचा हात या उद्योगात होता, हे नावाबाहेरच्या पुराव्यानेच सिद्ध आहे. तेव्हाच्या तामस्वेइ विभागाचा अधिकारी शिन्‌चू येथे राही. त्याच्या प्रेरणेने १८३४ मध्ये ज्यांग शिउलुआन या हक्का पुढाऱ्याने व नंतर शहरातील फूज्यानी व्यापाऱ्यांच्या वतीने जौ बांगझेंग याने हे काम अंगावर घेतले. भांडवलात दोन्ही गट समभागी होते. व्यापारी बव्हंशी शहरातच राहिले. डोंगराच्या पायथ्याशी जाऊन राहणे, लढणे व जमीन फोडणे हे काम हक्कांच्या वाट्यास आले.

फूज्यानी व ग्वांगदुंगी यांच्यात त्या काळी तैवानात वारंवार दंगली उसळत. त्या पार्श्वभूमीवर ही भागीदारी विलक्षण होती, आणि दोन वैरी समाजांच्या सहकार्याचे स्मारक म्हणून पेढीच्या कचेरीकडे आज अभिमानाने बोट दाखविले जाते. हा अभिमान अस्थानी आहे असे म्हणता येणार नाही. परंतु सहकार्य कशासाठी, हा प्रश्न त्याच ठिकाणी विचारला पाहिजे. आणि त्याचे उत्तर ‘आय’ या एका लहानशा शब्दात आहे.

‘आय’चा मूळ अर्थ अरुंद खिंड. तैवानात त्यास सीमेवरील चौकी असा अर्थ आला. आपल्याकडे गडाच्या वाटेवर जी मेटे असत त्यांची येथे आठवण होते. बेइपू, अमेइ व बाओशान या तीन शेजारच्या विभागांस मिळून आजही ‘दा-आय’, म्हणजे ‘मोठी चौकी’, असे म्हणतात. त्याआधी अठराव्या शतकात छिंग सरकारने वसाहतींची हद्द आखण्यासाठी चर खणून मातीचे ढीग घातले होते. दुरून ते बसलेल्या बैलांसारखे दिसत, म्हणून त्या हद्दीस ‘मातीचे बैल’ असे नाव पडले. हद्दीपलीकडे राहणाऱ्यांस सरकारी भाषेत ‘कच्चे रानटी’ व अलीकडे राहून कर देणाऱ्यांस ‘शिजलेले रानटी’ म्हणत. स्वयंपाकघरातील ही रूपके शासनाच्या दप्तरात किती सहज वावरली, हे पाहून वाचक थबकल्याशिवाय राहत नाही. पुढे जमिनीची भूक वाढली तशी हद्द सरकत गेली, आणि ती सरकविण्याचे यंत्र म्हणजे आय. पेढीने चौक्यांची साखळी उभारावयाची, पगारी पहारेकरी नेमावयाचे, त्यांच्या आडोशाने कुळांनी जमीन लागवडीस आणावयाची, कुळांनी दिलेल्या धान्यरूप खंडातून पहारेकऱ्यांचा पगार भागवावयाचा, आणि जमीन सुरक्षित झाली की साखळी आणखी पुढे न्यावयाची. म्हणजे चौकी जमिनीचे रक्षण करी व जमीन चौकीचे पोषण करी. या चक्रास थांबण्याचे कारण त्याच्या रचनेत कोठेच नव्हते. १८६० च्या दशकात परकीय व्यापारास बंदरे खुली झाल्यावर चहा व कापूर यांना भाव आला. कापराची झाडे तर डोंगरातच होती.

या माहितीसह पेठेतून पुन्हा फिरल्यास पूर्वी केवळ मौजेच्या वाटलेल्या गोष्टींचा उलगडा होऊ लागतो. पेठेमागच्या गल्ल्या अरुंद आहेत व सरळ जात नाहीत. वळतात, आवळतात, आणि अनोळखी माणसास गोंधळात टाकतात. शत्रू आत शिरला तर त्याची गती खुंटावी, ही त्यामागची योजना. जुन्या वसाहतीभोवती काटेरी बांबूचे दाट कुंपण होते. देवळामागील टेकडी ‘शिउलुआन’ या नावाने ओळखली जाते, म्हणजे पेढीच्या संस्थापकाचे नाव आता भूगोलात जमा झाले आहे. त्याच्या घराण्याच्या वाड्याचे ‘तियेनश्वेइ’ हे नाव मात्र हजारो किलोमीटर दूर, चीनच्या वायव्येतील गान्सू प्रांतातल्या एका ठिकाणाचे आहे. चिनी घराणी आपल्या आडनावाचे मूळ ज्या प्राचीन प्रदेशात मानतात त्याचे नाव दारावर लावतात; ज्यांग आडनावाचे ते मूळस्थान तियेनश्वेइ. गोत्राचा उच्चार जसा रक्ताच्या नात्याचा पुरावा म्हणून नव्हे, परंपरेत स्वतःस गोवून घेण्यासाठी होतो, तसाच काहीसा हा प्रकार. या घराण्याचे निकटचे पूर्वज लूफंगचे. तेथून समुद्र ओलांडून आलेल्यांनी सीमेवरच्या नव्या भूमीत आपल्या दारी गान्सूचे नाव कोरले. भूमी परकी असेल तेव्हा पूर्वजांचे नाव अधिक ठळक लिहावे लागते, असा अनुभव स्थलांतरितांच्या इतिहासात इतरत्रही येतो.

पेढीचे सशस्त्र कार्य १८८० च्या दशकात संपुष्टात आले. १८८५ मध्ये तैवान स्वतंत्र प्रांत झाला व लियू मिंगच्वान या सुभेदाराने खासगी चौक्या बंद करून संरक्षण सरकारकडे घेतले. दहा वर्षांतच बेट जपानच्या स्वाधीन झाले. त्या १८९५ च्या युद्धात ज्यांग घराण्यातील ज्यांग शाओझू या विशीतल्या तरुणाने गावकऱ्यांची तुकडी उभारून शिन्‌चूच्या परिसरात जपानी सैन्याशी झुंज दिली. तो पकडला गेला व कैदेत मरण पावला. जपान्यांनी ‘आय’ ही संस्था मोडली नाही. उलट ती आपल्या पोलिसांच्या हाती घेऊन, अधिक कडक करून, डोंगरातील लोकांविरुद्ध वापरली. पहारेकरी आता जपानी अंमलदारांच्या हुकमाखाली आले.

या वळणावर या कथेतील सर्वांत अनपेक्षित घटना घडते. नोव्हेंबर १९०७ मध्ये त्साय चिंगलिन नावाच्या माणसाच्या चिथावणीने हक्का पहारेकरी आणि डोंगरातील साय्सियात जमातीचे लोक एकत्र येऊन उठले. ज्यांना अडविण्यासाठी चौकी, त्यांच्यासहच चौकीवरचे लोक बेइपूवर चालून आले. त्यांनी सत्तावन्न जपान्यांना ठार केले. त्यांत बायकामुलेही होती. बंड एका दिवसाहून अधिक टिकले नाही. नंतरच्या सूडात नेइदापिंग या खेड्यातील शंभराच्या आसपास हक्का पुरुष व मुलगे मारले गेले. या बंडाचा गौरव करावा अशी ती घटना नव्हे. निरपराधांचे रक्त दोन्हीकडे सांडले. परंतु ‘हक्का विरुद्ध डोंगरी लोक’ असे इतिहासाचे जे सरळ दोन पक्ष आपण कल्पितो ते प्रत्यक्षात तसे नव्हते, एवढे ती निश्चित सांगते. पगारी पहारेकरी हा पेढीच्या भागधारकांइतका सीमेचा मालक कधीच नव्हता.

विसाव्या शतकातील बेइपूची कीर्ती चहाची. येथे व अमेइमध्ये होणाऱ्या एका चहाचे स्थानिक नाव ‘फुगविलेला’, म्हणजे बढाईखोर चहा. बारीक हिरवे तुडतुडे पानांचा रस शोषतात. त्यामुळे पानात जो बदल होतो त्यातून मधासारखा स्वाद येतो. कोणा शेतकऱ्याने कीड लागलेला माल मोठ्या किमतीस विकल्याचे सांगितले तेव्हा शेजाऱ्यांनी त्यास बढाईखोर ठरविले, अशी दंतकथा आहे. चहाचे मोठे व्यापारी ज्यांग आ-शिन यांचा भव्य वाडा १९४९ मध्ये पूर्ण झाला. धंदा बुडाल्यावर तो बँकेकडे गेला व २०१२ मध्ये वंशजांनी तो परत विकत घेतला. त्यांच्या जीवनावर आधारलेली ‘चहाचे सोने’ या अर्थाची हक्का संवादांची दूरचित्रवाणी मालिका २०२१ मध्ये प्रसारित झाली, आणि पेठेतील गर्दी आणखी वाढली. चहाची पाने, तीळ व शेंगदाणे एकत्र खलून केलेले पेय आज पेठेत प्रवाशांस स्वतः खलावयास देतात. त्याची मुळे जुनी असली तरी दुकानातील हा विधी गेल्या शतकाच्या अखेरीस रूढ झालेला आहे. परंपरा विकावयास ठेवली की तिच्यातील सोयीस्कर भाग पुढे येतो व अडचणीचा मागे पडतो, ही तक्रार बेइपूपुरती नव्हे.

हक्का भाषेची स्थिती मात्र केवळ विक्रीने सुधारणारी नव्हती. आधी जपानी व १९४५ नंतर उत्तरी चिनी हीच शाळेची भाषा झाली. घरची बोली वर्गात बोलल्याबद्दल मुलांना दंड व शिक्षा होत. लष्करी कायदा १९८७ मध्ये उठला आणि २८ डिसेंबर १९८८ रोजी हजारो हक्कांनी ‘आमची मातृभाषा परत द्या’ अशी मागणी करीत तायपेइच्या रस्त्यांवरून मोर्चा काढला. पुढे २००१ मध्ये हक्कांसाठी केंद्रीय मंत्रालयाच्या दर्जाची परिषद, २००३ मध्ये स्वतंत्र दूरचित्रवाणी वाहिनी, २०१० मध्ये हक्का मूलभूत कायदा, व त्याच्या २०१८ च्या दुरुस्तीने राष्ट्रीय भाषेचा दर्जा, अशी पावले पडली. एवढे होऊनही शासकीय पाहण्यांनुसार हक्का म्हणविणाऱ्यांपैकी भाषा बोलू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१६ ते २०२१ या काळात घटलेच. कायद्याने भाषेस प्रतिष्ठा मिळते. आजी आणि नातू यांच्यातील संभाषण कायद्याने सुरू करता येत नाही.

पाहुणे म्हणविल्या गेलेल्या या समाजास आपली भाषा मागण्याचा पूर्ण अधिकार होता. त्याच न्यायाने आता साय्सियातांकडे वळले पाहिजे. त्यांची भाषा चिनी कुलातील नसून ऑस्ट्रोनेशियन कुलातील आहे. मलाय, तागालोग व मादागास्कर बेटाची भाषा यांचे दूरचे नातेसंबंध तिच्याशी जुळतात. बेइपूची जमीन ज्यांच्या हातून गेली त्यांत हे लोक प्रमुख होते. ते मागे सरकत ऊफंग व नानज्वांग या डोंगरी भागांत राहिले. त्यांची संख्या आज काही हजारच आहे. उत्तरेकडील साय्सियात शेजारच्या अतायाल भाषेकडे झुकले, दक्षिणेकडील हक्काकडे. जिची उपेक्षा झाली म्हणून मोर्चे निघाले ती हक्का भाषा अशा रीतीने दुसऱ्या एका भाषेची जागा घेणारी प्रबळ भाषाही ठरली. त्यांची कुलनामे चिनी अक्षरांत आणताना काहींचे भाषांतर झाले, काहींत ध्वनिसाम्य साधण्यात आले. म्हणून या लोकांत आज ‘सूर्य’, ‘वारा’, ‘घेवडा’ अशा अर्थाची आडनावे आढळतात. इतर चिनी नावांत ती दुर्मीळ असल्याने आडनावावरून माणूस ओळखू येतो. किम्-कोङ्-फुक् या तीन अक्षरांत ज्यांना स्थान नव्हते ते अशा रीतीने अक्षरांत आले, पण दुसऱ्याच्या अक्षरांत.

१९९४ च्या घटनादुरुस्तीने ‘डोंगरी बांधव’ ही संज्ञा जाऊन ‘मूळ रहिवासी’ ही संज्ञा आली, आणि १ ऑगस्ट २०१६ रोजी राष्ट्राध्यक्षा त्साय इंग-वेन यांनी शासनाच्या वतीने या सर्व जमातींची क्षमा मागितली. तेव्हापासून ‘पाहुणे’ आणि ‘मूळ रहिवासी’ या दोन्ही संज्ञा एकाच राज्याच्या कायद्यात शेजारी शेजारी नांदत आहेत. १८३५ च्या पेठेत त्या तशा नांदल्या नव्हत्या.

याच संदर्भात साय्सियातांचा ‘पास्ताआय’ नामक उत्सव विचारात घेण्याजोगा आहे. तो दर दोन वर्षांनी व विशेष थाटाने दर दहा वर्षांनी होतो. त्यामागची कथा अशी : पूर्वी शेजारी ‘ताआय’ नावाचे बुटके लोक राहत. त्यांनी साय्सियातांना शेती व गाणी शिकविली. पुढे कलह झाला आणि साय्सियातांनी त्यांना दरीवर झुकलेल्या झाडावरून पाडून मारले. जे थोडे वाचले ते आपली गाणी देऊन निघून गेले. त्या मृतांच्या आत्म्यांना बोलावून, त्यांची गाणी गाऊन, रात्रभर नाचून त्यांना निरोप द्यावयाचा, हा या उत्सवाचा गाभा. मानववंशशास्त्रज्ञ हू ताय-ली यांनी १९८० च्या दशकात त्याचे चित्रीकरण केले आहे. ताआय लोक ऐतिहासिक होते किंवा नाही, हा येथे मुद्दा नाही. आपल्या आधी येथे दुसरे कोणी होते, त्यांच्याकडून आपण घेतले आणि त्यांचा नाश आपल्या हातून झाला, ही गोष्ट एका लहान समाजाने उत्सवाच्या केंद्रस्थानी ठेवली आहे, हे अभ्यासकाने नोंदले पाहिजे.

बेइपूच्या पेठेने आपल्या पूर्वजांचे स्मरण चांगले राखले आहे : संस्थापकाचे नाव टेकडीला, आडनावाचे मूळस्थान दारावर, भागीदारांची नावे पेढीच्या पाटीवर. या स्मरणात न्यून आहे ते एकच. ते भरून काढण्यास नवी इमारत नको; ‘दा-आय’ या रोजच्या वापरातील शब्दाचा अर्थ पेठेत येणाऱ्यास पूर्णपणे सांगितला, आणि चौकी कोणाविरुद्ध होती हे त्याच वाक्यात सांगितले, तरी पुरे आहे. आपल्याकडील स्थळनामांच्या अभ्यासकांनीही गावाचे नाव कोणी दिले हे शोधताना, ते देण्यापूर्वी तेथे कोण राहत होते, हा प्रश्न आपल्या टाचणात नेहमी लिहून ठेवावा.